मागणे आधी, मान्य करणे नंतर

उन्हाळ्याच्या शेवटी रावेर-यावल पट्ट्यात वादळ सुटले की केळीची उभी बाग आडवी व्हायला पाव तास पुरतो. वर्षभर पाणी, खत, मजुरी ओतून वाढवलेली झाडे घडासकट मातीत. अशा आठवड्यानंतरच्या रविवारी जळगाव-भुसावळकडच्या एखाद्या मंडळीत पाळकसाहेब ‘कुणाच्या प्रार्थनेच्या विनंत्या?’ असे विचारतात, तेव्हा हात पटापट वर होतात. कुणाची बाग गेलेली असते, कुणाचा मुलगा रेल्वे भरतीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेला असतो, कुणाच्या घरात डायलिसिस चालू असते. सगळ्या विनंत्या एकामागून एक देवापुढे ठेवल्या जातात आणि बहुतेक प्रत्येकीच्या शेवटी एक पुरवणी जोडली जाते: ‘पण प्रभू, शेवटी तुझ्या मनात असेल तसं.’

बाहेरून पाहणाऱ्याला या पुरवणीत चलाखी दिसू शकते. मागितले ते मिळाले तर देवाने ऐकले, नाही मिळाले तर देवाची इच्छा निराळी होती. म्हणजे प्रार्थना कधी नापास होतच नाही! अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारा कोणताही कार्यकर्ता हे विचारील, आणि त्याने विचारायलाच हवे. या प्रश्नाला उत्तर आहे असे मला वाटते. पण ते ‘श्रद्धा ठेवा’ एवढ्यावर भागणारे नाही. ही पुरवणी आली कुठून आणि ती नेमकी केव्हा म्हणायची असते, इथून सुरुवात करावी लागते.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना प्रत्येक ख्रिस्ती घरात लहानपणीच पाठ होते. तिच्यात रोजची भाकर मागण्याच्याही आधी एक मागणी आहे: देवाची इच्छा स्वर्गात जशी चालते तशी पृथ्वीवर चालावी. आपण ती इतक्या सवयीने म्हणतो की तिच्यातला विरोध कानावर येत नाही. जे आपोआप घडतेच आहे ते कुणी मागत नसते. ज्या अर्थी ही मागणी करायची, त्या अर्थी पृथ्वीवर आज चालले आहे ते सगळे देवाला हवे तसे नाही, हे त्या प्रार्थनेने गृहीतच धरले आहे. उपासमार, जुलूम, पोरक्या मुलांचे हाल यांना ‘देवाची इच्छा’ म्हणून हात जोडणाऱ्याने ही प्रार्थना उलटी वाचलेली असते.

दुसरा प्रसंग गेथशेमाने बागेतला, येशूला पकडले त्या रात्रीचा. समोर क्रूस दिसतो आहे आणि तो बापाजवळ मागतो आहे की हा प्याला माझ्यापुढून सरकव. सरळ, स्पष्ट मागणी. मत्तय आणि मार्क यांच्या वृत्तान्तांत तो तीनदा जाऊन प्रार्थना करतो. लूक सांगतो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. सोबत आणलेले जिवलग शिष्य तेवढ्या वेळात झोपी गेलेले. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे शब्द या सगळ्यात येतात, पण मागणीच्या पाठोपाठ येतात, मागणीच्या जागी येत नाहीत. या क्रमाला फार महत्त्व आहे. प्रवचनांत बहुधा दुसरे वाक्य उचलले जाते आणि पहिले मागेच राहते; मग ऐकणाऱ्याला वाटते की खरा भक्त काही मागतच नाही.

पवित्र शास्त्रात मात्र मागणारे, भांडणारे, रडणारे लोकच जास्त आहेत. दीडशे स्तोत्रांमधली कितीतरी स्तोत्रे ही उघड तक्रारी आहेत. देवा, झोपलास का, किती दिवस, तोंड का लपवतोस, असा त्यांचा सूर. बहुतेक तक्रारी शेवटी स्तुतीकडे वळतात, पण ८८ वे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते. आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकातून कुणी काढून टाकले नाही. ईयोबाचे पुस्तक ४२ अध्यायांचे आहे. मुलेबाळे, गुरेढोरे, प्रकृती असे सगळे गेलेल्या माणसाला त्याचे मित्र येऊन समजावतात की यामागे देवाचा न्याय आहे, तुझीच काहीतरी चूक असणार. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या समजूतदार मित्रांवर. आपल्याविषयी खरे बोलला तो तक्रार करणारा ईयोब, असा निवाडा तो देतो. शोकघरी जाऊन देवाच्या वतीने खुलासे करणाऱ्यांनी हा अध्याय वरचेवर वाचावा.

दावीद राजाची गोष्ट याहून थेट आहे. त्याचे तान्हे मूल आजारी पडते तेव्हा तो सात दिवस उपाशी, जमिनीवर पडून मूल वाचावे म्हणून विनवतो. मूल जाते. आता राजाला कसे सांगावे म्हणून नोकर घाबरलेले असताना दावीद उठतो, अंघोळ करतो, उपासना करून येतो आणि जेवायला मागतो. नोकर चक्रावतात. त्याचे म्हणणे साधे आहे: जिवंत होते तोवर देव दया करील अशी आशा होती, म्हणून मागितले, आता उपास करून ते परत येणार आहे का? पौलानेही शरीरातला आपला ‘काटा’ काढून टाकण्यासाठी तीनदा विनंती केली होती. काटा निघाला नाही, तो सोसण्याचे बळ मिळाले, असे तो लिहितो. तो काटा म्हणजे नेमके काय याबद्दल अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

आता त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येऊ. प्रार्थनेची अशी परीक्षा खरोखरच घेऊन झाली आहे. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांतल्या, बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले. दोन गटांना सांगितले होते की तुमच्यासाठी कदाचित प्रार्थना होईल, कदाचित होणार नाही. प्रत्यक्षात त्यांपैकी एकासाठीच झाली. तिसऱ्याला खात्रीने सांगितले की होणार आहे, आणि ती झाली. २००६ मध्ये निकाल जाहीर झाला. गुंतागुंत उद्भवलेल्या रुग्णांचे प्रमाण पहिल्या दोन गटांत ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ठाऊक होते त्यांच्यात मात्र ते ५९ टक्के निघाले. ‘आपल्यासाठी मुद्दाम प्रार्थना करावी लागते, म्हणजे आपली अवस्था इतकी वाईट आहे का?’ या धास्तीने तसे झाले असावे, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला.

हा निकाल श्रद्धावंताने झाकून ठेवण्याचे कारण नाही. प्रार्थना म्हणजे मोजून द्यायचा डोस आहे आणि तो दिला की ठरलेला गुण येतो, असे कुणाला वाटत असेल तर त्याला हा निकाल खोडून काढतो. ते बरेच झाले. देवाकडून काम करून घेण्याची युक्ती म्हणून प्रार्थना वापरणे हे ख्रिस्ती शिकवणीतही चुकीचेच आहे, आणि ती पुरवणी मुळात याच युक्तीला चाप लावण्यासाठी आहे. मागणारा मुलगा आहे, गिऱ्हाईक नाही. नापास होण्याची सोय नाही ही टीका खरी आहे. पण बापाशी बोलण्याला परीक्षा कुणी म्हटले होते?

मग या बोलण्याने होते काय? केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये संकटाला तोंड देणाऱ्या श्रद्धाळू माणसांच्या तीन रीती नोंदवल्या. काही जण सगळे देवावर ढकलून स्वस्थ बसतात. काही जण देवाने अक्कल दिली आहे, आता माझे मी पाहतो म्हणतात. आणि काही जण देव आणि मी मिळून हे निभावू, अशा भागीदारीने वागतात. ढकलणाऱ्यांत स्वतःच्या कर्तेपणावरचा विश्वास कमी दिसला, भागीदारीवाल्यांत जास्त. पुढे २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या वयस्कर रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा देवाने आपल्याला टाकले, शिक्षा केली असे मानणाऱ्यांत पुढच्या दोन वर्षांत मृत्यूची जोखीम अधिक आढळली. तक्रार करणे वेगळे आणि तक्रारीत एकट्याने अडकून पडणे वेगळे. स्तोत्रकर्त्याची तक्रार मंडळीत गायली जात असे, हा फरक इथे कळतो.

खानदेशात ही प्रार्थना आली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून शाळा, छापखाने, मोठ्या मंडळ्या अशी बैठक घातली. तापीच्या खोऱ्यात तसे झाले नाही. इंग्रज सरकारने १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. साधारण त्याच काळात पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, आणि पश्चिमेकडे नंदुरबार-नवापूरच्या भिल्ल मुलखात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काम करू लागले होते. दोन्ही नावांत ‘अलायन्स’ असल्याने बाहेरच्यांचा घोटाळा होतो. संस्था वेगळ्या, संस्थापकही वेगळे. पहिलीचे ए. बी. सिम्प्सन न्यूयॉर्कचे, मूळचे कॅनडाचे. दुसरीचे फ्रेड्रिक फ्रॅन्सन मूळचे स्वीडनचे, त्यांनी ती १८९० मध्ये अमेरिकेत उभी केली. १९४९ मध्ये तिचे नाव बदलून द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन झाले.

दोन्हींचा पिंड मात्र सारखा होता. गरज देवाला सांगायची आणि निघायचे. सिम्प्सन यांच्या शिकवणीचे चार खांब होते आणि त्यांतला एक म्हणजे ख्रिस्त हा रोग बरे करणारा. त्यांचे स्वतःचे हृदयाचे दुखणे १८८१ मध्ये प्रार्थनेने गेले, असे ते सांगत. ही शिकवण घेऊन माणसे आली ती नेमकी दुष्काळ, प्लेग आणि पटकीच्या काळात. सिम्प्सन यांच्या अलायन्सच्या जेनी फुलर वऱ्हाडात अकोल्याला काम करत. हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह १९०० मध्ये निघाले आणि त्याच सुमारास त्या गेल्या. रोग बरा करणाऱ्या प्रभूवर एवढा भरवसा ठेवणाऱ्यांना आपली माणसे इथल्या मातीत पुरावी लागली. सिम्प्सन यांचा हा खांब न्यूयॉर्कमध्ये जितका सरळ उभा दिसला असेल तितका तो इकडे राहिला नसणार. आजही या भागातल्या प्रार्थनासभांत ‘बरे कर’ ही मागणी मोठ्या आवाजात होते आणि ‘तुझ्या मनात असेल तसं’ हे हळू आवाजात. दोन्ही त्याच इतिहासातून आलेले आहेत.

नुसत्या भरवशावर संस्था चालवणे म्हणजे काय असते, हे पाहायचे तर रमाबाईंकडेच पाहावे लागते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेली. तीर्थयात्रा, व्रते, दाने करूनही काही झाले नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले. मांडीवर मुलगी मनोरमा, वय वर्ष नाही पुरे. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ब्रिस्टलचे अनाथालय माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर चालवणारे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांची चरित्रे वाचून, हिंदुस्थानातही असे देवावर विसंबता येईल का, हा प्रश्न त्यांना पडला. केडगावची ‘मुक्ती’ संस्था हे त्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर.

पण रमाबाईंचे विसंबणे कसे होते पाहा. त्यांनी प्रार्थना केली आणि विहिरी खणून घेतल्या. प्रार्थना केली आणि मळा लावला, छापखाना घातला, मुलींना विणकाम शिकवले, दुष्काळी मुलखात स्वतः जाऊन शेकडो मुली उचलून आणल्या. पार्गामेंटच्या भाषेत भागीदारी म्हणतात ती हीच, फक्त त्यांच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधीची. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईनंतर संस्था सांभाळेल अशी, चाळिशीतली, एकुलती एक मुलगी. रमाबाईंच्या हाती तेव्हा मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलचे काम होते. ते त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या, तोवर भाषांतर पुरे झाले होते. देवाची इच्छा मान्य करणारी बाई कशी दिसते, असे कुणी विचारले तर मी त्या आठ-नऊ महिन्यांतल्या, मुद्रिते तपासत बसलेल्या रमाबाईंकडे बोट दाखवीन. नशिबाला दोष देत स्वस्थ बसलेला माणूस असा दिसत नाही.

जळगावचा आणखी एक धागा रेव्हरंड ना. वा. टिळकांशी जोडलेला आहे. १९०७ मध्ये जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ होऊन बाहेर पडला. टिळकांनी त्याला हेरले. पुढे काही काळ तो नगरला त्यांच्याच घरी, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हाताखाली राहिला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी त्याच्या आठवणी घरच्या पोराच्या आठवणी सांगाव्या तशा सांगितल्या आहेत. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, सत्ताविसाव्या वर्षी. जेमतेम वर्षाने, ९ मे १९१९ रोजी टिळकही मुंबईत निवर्तले.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या प्रार्थनेची भाषा दिली. त्यांच्या आधीची भजने बरीचशी परदेशी चालींवर बेतलेली, शब्दही ओढूनताणून बसवलेले. टिळकांनी अभंग, ओवी, पदे आणली आणि ख्रिस्ताला आई, गुरू, सखा म्हणून हाक मारली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे ते बोलत. वारकऱ्याला ‘अनंताने ठेवले तसे राहणे’ ठाऊकच होते. टिळकांनी त्या राहण्याला ख्रिस्ताचा चेहरा दिला. पण त्यांचा स्वभाव मात्र जागच्या जागी राहण्याचा मुळीच नव्हता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांनी घरदार, आप्त, पाच वर्षांसाठी पत्नीही गमावली. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यासवृत्ती घेतली आणि जातपात, पंथ न पाहणाऱ्या ‘देवाच्या दरबारा’चे स्वप्न उभे करायला निघाले.

त्या मधल्या पाच वर्षांचा हिशोब लक्ष्मीबाईंच्या बाजूने मांडल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. नवऱ्याला देवाची हाक ऐकू आली, पण ती बायकोला विचारून आली नव्हती. त्यांनी आकांत केला, आजारी पडल्या, रागावल्या, आणि अखेर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, जातिभेद माणसाचा आहे की देवाचा या प्रश्नाशी स्वतः झुंजून. दुसऱ्याला कळलेली देवाची इच्छा आपल्यावर लादून घेण्याचे त्यांनी नाकारले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण एवढे सोसूनही त्यांच्या लेखणीत भक्तीचा गहिवर कमी आणि संसाराचा खट्याळपणा जास्त आहे. देवाच्या स्वाधीन झालेला माणूस सतत गंभीर चेहऱ्याने वावरतो, ही समजूत त्या पुस्तकाने कायमची मोडावी.

धुळ्याला याच प्रश्नाची एक वेगळी बाजू उजेडात आली. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेले साने गुरुजी तिथेच कैदेत होते. त्यांनी ती उतरवून घेतली म्हणून आज ती आपल्यापुढे आहेत. फळ ईश्वराला अर्पण करून कर्म करत राहायचे, हा तिथला मुख्य सूर. ख्रिस्ती वाचकाला तो ओळखीचा वाटतो, आणि एक फरकही जाणवतो. गीतेचा साधक फळाची इच्छाच सोडायला शिकतो. गेथशेमानेतला येशू इच्छा सोडत नाही, ती बोलून दाखवतो आणि मग बापाच्या हाती देतो. कोणता मार्ग श्रेष्ठ हे ठरवण्याची मला गरज वाटत नाही. पण आपल्याकडच्या पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांत पहिल्या मार्गाची शिस्त नकळत दुसऱ्यावर चढते आणि मग रडणाऱ्या आईला ‘विश्वास कमी पडतोय’ असे ऐकून घ्यावे लागते.

सगळ्यांत अवघड गाठ अजून बाकी आहे. जे घडते ते सगळे देवाची इच्छा का? धर्मशास्त्र्यांनी फार पूर्वीपासून देवाची इच्छा आणि देवाची अनुमती यांत फरक केला आहे. हे सर्वांत सोप्या भाषेत मांडले ते इंग्लंडच्या लेस्ली वेदरहेड यांनी. ते तरुणपणी मद्रासेत काम करून गेलेले. १९४४ मध्ये, बाँबहल्ल्यांनी होरपळलेल्या लंडनमध्ये त्यांनी या विषयावर व्याख्याने दिली. त्यांचे स्वतःचे चर्च १९४१ मध्येच उद्ध्वस्त झाले होते. हिंदुस्थानातला एक प्रसंग त्यांनी त्यांत सांगितला आहे. एका परिचिताचा लहान मुलगा पटकीने गेला होता आणि तो बाप दुःखात म्हणत होता, देवाची मर्जी. वेदरहेड यांनी त्याला विचारले, समजा कुणी रात्री चोरपावलांनी येऊन पटकीचे जंतू लावलेला बोळा तुझ्या लहान मुलीच्या तोंडावर मुद्दाम ठेवला असता तर? बाप संतापून म्हणाला, त्याला मी जिवंत सोडला नसता. मग, वेदरहेड म्हणाले, ज्या कामाबद्दल तू माणसाला जिवंत सोडणार नाहीस ते काम देवाच्या नावावर कसे टाकतोस? घाणेरडे पाणी, उघडी गटारे यांना देवाची इच्छा म्हणू नकोस.

वेदरहेड यांनी तीन पातळ्या मानल्या: देवाची मूळ इच्छा, बिघडलेल्या परिस्थितीतली त्याची इच्छा आणि कुणालाही हाणून पाडता न येणारी शेवटची इच्छा. मूल जगावे ही पहिली. ते गेल्यावर बापाने कोसळून न जाता गावाच्या पाण्याची सोय लावावी, ही दुसरी. यामुळे देव दुबळा ठरतो, अशी टीका त्यांच्यावर झाली, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. तरी आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलायचे असेल तर मला वेदरहेड यांची भाषा जास्त खरी वाटते.

या विषयात गैरवापराला जागा मोठी आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हाच तुझा क्रूस म्हणून परत पाठवणारे आहेत. औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे सांगून गोळ्या बंद करायला लावणारे आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप-विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे; कोणत्याही धर्माच्या नावाखाली केले तरी. ख्रिस्ती माणसाला या कायद्याची अडचण वाटण्याचे काहीच कारण नाही. पश्चिम खानदेशातल्या त्याच स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने १९४२ मध्ये नवापूरजवळ चिंचपाड्याला रुग्णालय काढले. तेव्हाचा पश्चिम खानदेश, नंतरचा धुळे जिल्हा आणि १९९८ पासूनचा नंदुरबार जिल्हा, अशी नावे बदलत गेली, रुग्णालय चालू राहिले. प्रार्थना करणाऱ्यांनीच दवाखाना काढला, यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. केळीचा फळपीक विमा काढणारा शेतकरीही देवावर अविश्वास दाखवत नसतो.

कॅथलिक बांधवांची रीत थोडी वेगळी. जळगाव, धुळे, नंदुरबार हे सगळे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. तिथे नोव्हेना, माळेची प्रार्थना, आजाऱ्याला तैलाभ्यंग यांतून हाच धडा गिरवला जातो, आणि होकाराचा आदर्श म्हणून मरियेकडे पाहिले जाते. पण तिनेही देवदूताला आधी ‘हे होणार कसे?’ असे विचारले होते, मग होकार दिला. क्रम इथेही तोच.

रोजच्या प्रार्थनेत हे आणायचे तर फार काही लागत नाही. हवे ते नाव घेऊन मागावे. गोलमोल मागणीला गोलमोल भरवसा येतो. जे हातात आहे ते त्याच दिवशी करावे: तपासणी, अर्ज, पंचनामा, विम्याचे कागद. राग आला असेल तर तोही देवाला सांगावा, त्याने याहून कडक भाषा ऐकलेली आहे. आणि मान्य करण्याची घाई करू नये. येशूलाही त्या रात्री तीनदा मागावे लागले.

आणि एक विनंती, ख्रिस्ती-अख्रिस्ती सगळ्यांनाच. कुणाच्या घरी मरण झाले, कुणाची बाग गेली, की भेटायला जरूर जा. जाताना डबा न्या, तलाठ्याकडे किंवा दवाखान्यात खेपा घालायच्या असतील तर त्या आपल्या अंगावर घ्या. फक्त ‘देवाची इच्छा’ हे शब्द तुम्ही उच्चारू नका. ते म्हणायचे की नाही आणि कधी म्हणायचे, हे ज्याचे गेले आहे त्यालाच ठरवू द्या.